आधी पायाची नखं बघा

नमस्कार डॉक्टर,

माझं वय 46. डोंबिवलीत घरगुती पोळीभाजी केंद्र चालवते. आम्ही तिघी मिळून रोज 300च्या आसपास पोळ्या करतो, भाज्या वेगळ्या. गेलं वर्षभर माझ्या हाताची नखं टोकाला पापुद्रे सुटून सोलवटतात. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सगळ्यात वाईट. साडीला अडकतात, धागे ओढले जातात. कॅल्शियम कमी असेल म्हणून 8 महिने गोळ्या घेतेय, रात्रीच्या जेवणानंतर. भाचीने बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्या, डबीवर 10000 असा आकडा आहे, त्या 3 महिने चालू आहेत. सासूबाई म्हणतात लसूण चोळ. मुलीच्या साखरपुड्याला जेल पॉलिश केलं होतं, ते काढल्यावर तर नखं कागदासारखी झाली. पायाची नखं मात्र ठणठणीत आहेत. बाकी तब्येत बरी. जिना चढताना हल्ली धाप लागते आणि पाळीत अंगावरून फार जातं, पण या वयात ते चालायचंच. नखांसाठी काय खाऊ तेवढं सांगा.

– एक वाचक, डोंबिवली

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नखांसाठी, आणि दुसऱ्यांदा तुम्ही जाता जाता लिहून टाकलेल्या दोन गोष्टींसाठी. पायाची नखं ठणठणीत आहेत ही एक, जिना चढताना धाप लागते ही दुसरी. पहिलीत तुमच्या नखांचं उत्तर आहे. दुसरीचा नखांशी फारसा संबंध नसेलही, पण ती जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठी मी तुम्हाला येत्या सोमवारीच लॅबमध्ये पाठवणार आहे.

पायांपासून सुरुवात करू. कोणी ठिसूळ नखांची तक्रार घेऊन आलं की मी आधी चपला काढायला सांगते. बायका बिचकतात. टाचांना भेगा असतात म्हणून लाजतात. पण मला भेगा बघायच्याच नसतात. शरीरात एखादी गोष्ट कमी पडली तर ती हातांच्या बोटांना निवडून कमी पडत नाही. रक्त वीसही बोटांना तेच जातं. पायाची नखंही बिघडलेली असली तर मी कारण आत शोधते. हाताचीच बिघडली आणि पायाची गुळगुळीत राहिली, तर कारण बहुतेक वेळा बाहेर असतं. आणि उजव्याच हाताची तीनच बोटं जास्त वाईट असली, तर ते कारण तुमच्या ओट्यावर आहे. हा काही गणिताचा नियम नाही, अपवाद असतात. पण तुमच्या बाबतीत मला तो चपखल बसताना दिसतोय.

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे एकावर एक बसलेले पातळ थर. चिरोट्याचे पदर आठवा, फक्त साट्याने सुटे ठेवण्याऐवजी घट्ट चिकटवलेले. हे नख तयार होतं ते मुळाशी, कातडीच्या आत. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी जो पांढरट अर्धचंद्र दिसतो तो त्या कारखान्याचा बाहेर डोकावणारा भाग. तिथून नख पुढे सरकायला लागलं की ते निर्जीव असतं. त्याला रक्त नाही, नस नाही. म्हणून टोकाला सुटलेला पापुद्रा आतून कोणत्याही गोळीने पुन्हा चिकटत नाही. तो कापून टाकायचा आणि मागून येणारं नख सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

आता हे पदर सुटतात कशाने? पाण्याने. लोकांना हे पटत नाही, कारण पाणी म्हणजे निरुपद्रवी अशी आपली समजूत. पण नख कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने पाणी ओढून घेतं आणि तितक्याच लवकर सोडूनही देतं. जुन्या घराचं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, काही वर्षांनी त्याच्या फळ्यांमध्ये फटी पडतात, तसंच. दार वर्षातून एकदा फुगतं, तुमचं नख दिवसातून पन्नासदा. त्यात साबण आला की थरांना धरून ठेवणारा थोडासा तेलकट अंशही धुऊन जातो. पोळ्या करणाऱ्या माझ्या एका पेशंटला मी मोरीजवळच्या भिंतीवर खडूने रेघा मारायला सांगितलं होतं, हात ओला झाला की एक रेघ. दुपारी दोनपर्यंत 40 रेघा झाल्या होत्या आणि संध्याकाळची भांडी अजून व्हायची होती. तुम्ही एक दिवस करून बघा. आकडा तुमचा तुम्हालाच चकित करेल.

कणकेला मात्र दोष देऊ नका. कणीक तिंबताना हाताला तेल लागतंच, ते उलट बरं. गडबड होते ती नंतर. नखात अडकलेली कणीक वाळते आणि ती काढायला आपण सेफ्टी पिन घेतो, नाहीतर काडेपेटीतली काडी. या खोदकामाने नख खालच्या मांसापासून सुटायला लागतं, तिथे पांढुरकी पोकळी होते, त्या पोकळीत पुन्हा पाणी साचतं. तेव्हा पिन बंद. नखं बोटाच्या टोकाबरोबर कापलेली असली की कणीक अडकायला जागाच राहत नाही.

आणि उजव्याच हाताची तीन बोटं का, हेही विचारते: लसूण कोण सोलतं? श्रावणात वालाची बिरडी कोण सोलतं? मटार, सोलाणे, चिंचोके, डब्यांची झाकणं, दुधाच्या पिशवीचा कोपरा, गॅसच्या शेगडीवर करपलेला डाग? आपल्या बायकांचं उजव्या अंगठ्याचं नख हे नख नसतंच, ते स्वयंपाकघरातलं एक हत्यार असतं. भिजवलेल्या वालाचं तर विचारूच नका. बोटं तासभर ओली, नख मऊ पडलेलं, आणि त्याच मऊ नखाने एकेक साल दाबून काढायचं. पापुद्रे सुटायला याहून सोयीची परिस्थिती मलाही सुचणार नाही. वाल सोडा असं मी म्हणणार नाही, सीकेपी सासर असेल तर मला घरात कोणी उभं करणार नाही. पण सोलायचं काम तिघींत वाटून घ्या, आणि खरवडायला नखाऐवजी बोथट चमचा घ्या.

आता तुमच्या दोन डब्यांकडे वळते.

कॅल्शियमची आधी. नखांचा कडकपणा कॅल्शियममुळे येतो ही आपल्याकडची फार जुनी समजूत. दात आणि हाडं कडक, त्यांत कॅल्शियम. नखही कडक, म्हणून त्यातही तेच असणार, असा तो हिशेब. नखात कॅल्शियम असतं ते नखभरच. नखाला कणखरपणा येतो तो केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या गंधकाच्या जोडांमुळे. नखांवर पांढरे ठिपके आले की शेजारणी लगेच ‘कॅल्शियम कमी’ म्हणतात, तेही बहुधा चूक. ते ठिपके म्हणजे मुळाशी कधीतरी बसलेला छोटासा मार. दाराच्या फटीत, पाट्यावर, कुठेही. आपल्याला आठवतही नसतो.

तुम्ही ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू केली आहे, म्हणून नखांसाठी ती बंद केलीत तरी नखांचं काही बिघडणार नाही. (हाडांसाठी कोणा डॉक्टरने लिहून दिली असती तर गोष्ट वेगळी होती, तशा वाचकांनी माझं वाचून परस्पर गोळी बंद करू नये.) मला तिची काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत पोटात गेली की त्या जेवणातलं लोह अंगी लागण्यात ती आडवी येते. आणि तुमच्या अंगात लोह पुरेसं आहे की नाही, याचीच मला शंका आहे.

पण त्याआधी बायोटिन. हे ब जीवनसत्त्वांपैकी एक. त्याची नखांशी गाठ पडली ती घोड्यांमुळे. घोड्यांचे चिरलेले खूर बायोटिनने सुधारतात असं पशुवैद्यांना दिसलं, आणि खूर व नख एकाच जातीचं म्हणून माणसांवर प्रयोग झाले. ते प्रयोग लहान होते, डोस दिवसाला 2.5 मिलिग्रॅमचा होता. काही जणांना फायदा झाल्यासारखा वाटला, पण औषध नसलेली नुसती खडूची गोळी घेणाऱ्यांशी नीट तुलना करून सिद्ध झालं असं म्हणण्यासारखं त्यात फार नाही. मी स्वतः ते फार क्वचित लिहून देते. तुमच्या डबीवरचा 10000 हा आकडा मायक्रोग्रॅमचा, म्हणजे 10 मिलिग्रॅम. माणसाची रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅम. तुम्ही रोज गरजेच्या अडीचशे पटींहून जास्त घेताय. बहुतेक लघवीवाटे निघून जातं, म्हणून विषबाधा वगैरे होत नाही. पण एक भानगड होते, आणि ती तुमच्या बाबतीत नेमकी नडणारी आहे.

रक्तातले बरेच घटक मोजणाऱ्या लॅबच्या यंत्रांमध्ये बायोटिनच रासायनिक चिमट्यासारखं वापरलेलं असतं. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की यंत्र फसतं. थायरॉइड मंदावलं की तपासणीत टीएसएच वाढलेला आणि टी-फोर घटलेला दिसायला हवा, पण बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसू शकतो आणि टी-फोर खोटा जास्त. म्हणजे जिचं थायरॉइड मंदावलेलं आहे तिचा कागद ‘सगळं ठीक’ म्हणू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही अशी चुकू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017च्या नोव्हेंबरमध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला, तेव्हा अशा चुकलेल्या रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख त्यात होता. भाचीने प्रेमाने आणलेल्या डबीवर यातलं काही छापलेलं नसेल.

‘केस, त्वचा, नखं’ असं तिन्ही एकदम लिहिलेल्या गोळ्यांबद्दलही एक सांगून ठेवते, कारण बायोटिन सुटलं की तुम्ही त्याकडे वळाल. त्यांतल्या पुष्कळांत सेलेनियम असतं. सेलेनियम थोडंसं लागतं, जास्त झालं की केस आणि नखंच गळतात. बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये 2025च्या सुरुवातीला लोकांना अचानक टक्कल पडायला लागलं आणि काही महिन्यांनी त्यांतल्या काहींची नखं ठिसूळ होऊन गळू लागली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तिथे बाधितांच्या नमुन्यांत सेलेनियम वाढलेलं सापडलं आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. गोळ्यांमधली मात्रा अर्थातच तेवढी नसते. पण एकाच वेळी तीन डब्या चालू असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, प्रत्येकीत तेच घटक, आणि बेरीज कोणीच करत नाही.

आता धाप आणि पाळी. ताई, ‘या वयात चालायचंच’ हे वाक्य मला अजिबात चालत नाही. चाळिशीनंतर पाळी अनियमित होते हे खरं, पण अंगावरून एवढं जातंय की जिना चढताना धाप लागते, हे वयाचं लक्षण नाही. ते बहुतेक रक्त कमी झाल्याचं लक्षण आहे. तुम्ही एकट्या नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. निम्म्याहून जास्त. बहुतेकींना ते माहीतही नसतं, कारण दमायची सवय झालेली असते.

लोह खूप कमी झालं की नख पातळ होतं, सपाट होतं आणि पुढे पुढे चमच्यासारखं खोलगट होतं, इतकं की त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही. तुमचं तसं झालेलं नसावं, झालं असतं तर तुम्ही लिहिलं असतं. म्हणून पापुद्र्यांचं खापर मी लोहावर फोडत नाही. पण तिथवर जायची वाट कशाला बघायची?

तपासण्या तीनच करा. सीबीसी, फेरिटिन आणि टीएसएच. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, तिच्यात हिमोग्लोबिन कळेल. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12च्या खाली असेल तर रक्तक्षय. फेरिटिन म्हणजे लोहाचं बँकखातं, हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही ते रिकामं असू शकतं, म्हणून ते मुद्दाम सांगून करून घ्या, नेहमीच्या पॅकेजमध्ये बरेचदा नसतं. टीएसएच एवढ्यासाठी की थायरॉइड मंदावलं तरी नखं हळू वाढतात आणि मोडतात, थकवा येतो, आणि पाळीतला रक्तस्रावही वाढू शकतो. रिपोर्ट घेऊन आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. गर्भाशयात गाठ आहे का हे सोनोग्राफीत कळतं. लोहाच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून सुरू करू नका, किती आणि किती दिवस ते हिमोग्लोबिन बघून ठरतं. आणि नुसतं लोह भरत राहिलं, पण गळती तशीच राहिली, तर टाकी भरणार कशी?

‘काय खाऊ’ विचारलंत, म्हणून एवढं सांगते. नखांसाठी वेगळं काही खायला लागत नाही. डाळी, उसळी, दूध, अंडी, मासे यांतलं जे घरात चालतं ते रोज पोटात गेलं की नखापुरतं प्रथिन मिळतं. लोहासाठी अळीव, पालेभाज्या, कडधान्यं, आणि मांसाहार चालत असेल तर कलेजी. गुळाची मात्र लोकांनी उगाच आरती केली आहे. जेवणात लिंबू पिळा किंवा आवळा घ्या, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. भाजी लोखंडी कढईत केलीत तर थोडं लोह त्यातूनही मिळतं. तुम्ही 300 पोळ्या लोकांना खाऊ घालता, स्वतः किती वाजता आणि काय जेवता हे पत्रात नाही. तीन वाजता उभ्या उभ्या, उरलेली पोळी चहात बुडवून? मग अळीव कुठे बसणार?

हातांची निगा आता. सगळ्यात आधी हातमोजे. भांडी घासताना, ओटा पुसताना, कपडे भिजवताना रबरी मोजे घालायचे, आणि त्यांच्या आत पातळ सुती मोजे. नुसते रबरी घातले की आत घाम येतो आणि नखं आतल्या आतच भिजत राहतात. मोजे आतून ओले झाले की बदलायचे, दोन जोड ठेवा. मोज्यांत भांडी स्वच्छ निघत नाहीत असं प्रत्येकीला पहिला आठवडाभर वाटतं. नंतर नाही वाटत. स्वयंपाकात मोजे जमणार नाहीत, ते मला मान्य आहे. तिथे एवढंच करा की दर वेळी साबण नको. भाजी चिरून झाली, हात नुसता मातीचा आहे, तर पाण्याने धुऊन पुसला तरी पुरे. कच्चं मांस, मासळी, संडास, पैसे, यानंतर साबण हवाच, तिथे काटकसर नको. धुतल्यावर हात पदराला न पुसता कोरड्या फडक्याने नखांच्या कडेपर्यंत टिपून घ्या.

दुसरं काम रात्रीचं. सगळं आवरल्यावर बोटं 5 मिनिटं कोमट पाण्यात बुडवा, टिपून घ्या, आणि नखं ओलसर असतानाच वर व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळा. नखावर, कडांना, मुळाशी. इतका वेळ मी पाण्याला शिव्या घातल्या आणि आता पाण्यातच बुडवायला सांगते, हे विचित्र वाटेल. फरक असा की इथे आत गेलेलं पाणी आपण तेलाने कोंडून ठेवतो, ते भसकन उडून जात नाही. आधी पाणी, मग तेल, हा क्रम उलटा करायचा नाही. खोबरेलाने महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर मेडिकलमध्ये 10 टक्के युरियाचं क्रीम मिळतं, ते लावा. आजूबाजूला चिरा असतील तर चुरचुरतं, तेव्हा चिरा भरेपर्यंत थांबा. महागड्या नेलसिरमची गरज नाही. ओट्याजवळ एक छोटी तेलाची वाटी ठेवलीत आणि दुपारी काम संपल्यावर एक हात फिरवलात तर सोन्याहून पिवळं.

नखं कापायची ती आंघोळीनंतर, मऊ असताना. सुटलेला पापुद्रा ओढून काढायचा नाही. ओढला की तो निरोगी भागालाही सोबत घेऊन येतो. बारीक कानशीने एकाच दिशेने घासून कड गुळगुळीत करायची, करवतीसारखं मागेपुढे नाही. शनिवारी कापायची की नाही हे तुम्ही आणि सासूबाई ठरवा, नखांना वार कळत नाही.

आणि मुळाशी जी पातळ कातडी नखाला चिकटलेली असते, जिला पार्लरमध्ये क्युटिकल म्हणतात, ती कापू देऊ नका, मागे ढकलूही देऊ नका. खिडकीच्या काचेभोवती लांबी भरलेली असते ना, तसं ते काम करतं. ते काढलं की पाणी, साबण, जंतू सरळ आत. मग कड सुजते, लाल होते, ठणकते, त्यालाच आपण नखुर्डं म्हणतो. पोळीभाजीवाल्या, भांडीवाल्या, हॉटेलात काम करणारी मुलं, सगळ्यांच्या हातांवर मी ते पाहिलं आहे, आणि एकदा मागे लागलं की महिनोन्‌महिने सोडत नाही.

जेल पॉलिशबद्दल फार बोलत नाही. पॉलिश वाईट नसतं, वाईट असतं ते काढणं. आधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवतात, मग घाईने खरवडतात, आणि त्या खरवडण्यात नखाचे वरचे पदर जातात. तुमची ‘कागदासारखी’ नखं तीच. लग्नापर्यंत जेल नको. साधं नेलपॉलिश लावायला माझी हरकत नाही, उलट पाणी आत-बाहेर होणं ते थोडं कमीच करतं. फक्त रिमूव्हर आठवड्यातून एकदाच्या वर नको. ‘हार्डनर’ नावाच्या बाटल्यांपासून मात्र लांब राहा. त्यांतल्या काहींत फॉर्मॅल्डिहाइड असतं, त्याने नख आधी कडक होतं आणि मग काचेसारखं तडकतं. आपल्याला नख कडक नको, लवचिक हवं.

सासूबाईंच्या लसणीचं काय करायचं? भाजीत घाला. कच्ची लसूण कातडीला जाळते. रोज लसूण सोलणाऱ्यांच्या बोटांची टोकं सोलपटतात, चिरतात, आणि त्यात ज्या हाताने पाकळी धरतो त्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पुढे असतात. तुम्ही पाकळी कोणत्या हातात धरता ते बघून मला कळवा.

फरक कधी दिसेल? हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. म्हणजे आज टोकाला जे नख फाटतंय ते पाच-सहा महिन्यांपूर्वी मुळाशी तयार झालेलं. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1941 पासून 35 वर्षं स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी खूण करून ती टोकापर्यंत जायला किती दिवस लागतात ते मोजलं. त्यांच्या बत्तिशीत नख दिवसाला 0.123 मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टीला 0.095. आपल्या पुण्याच्या श्रीधर चिल्लाळांचा हिशेबही त्याच्याशी जुळतो. त्यांनी डाव्या हाताची नखं 1952 पासून वाढवली ती 2018च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला कापली, तेव्हा अंगठ्याचं नख 197.8 सेंटिमीटर भरलं. 66 वर्षांत एवढं म्हणजे महिन्याला अडीच मिलिमीटर. विश्वविक्रम करणाऱ्याचं नखही तुमच्याआमच्याच वेगाने वाढतं. तेव्हा पंधरा दिवसांत आरसा बघून निराश होऊ नका. दोन महिन्यांनी नखाचा मुळाकडचा तिसरा भाग बघा. तो नितळ दिसला तर गाडी रुळावर आहे. सहा महिन्यांनी पूर्ण नख नवं असेल.

चाळिशीनंतर नखांवर उभ्या बारीक रेघा येतात, त्या केस पिकण्यासारख्याच, त्यांची भीती नको. पण नख जाड आणि पिवळं होऊन त्याचा भुगा पडत असेल तर बुरशी असू शकते. तिथे तेल-व्हॅसलीनने काही होत नाही, नखाचा तुकडा तपासून मगच औषध घ्यावं लागतं. नखावर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील, किंवा एकाच नखावर नव्याने काळपट उभा पट्टा आला असेल आणि तो रुंद होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. सावळ्या कातडीच्या माणसांना बऱ्याच नखांवर असे फिकट पट्टे वर्षानुवर्षं असतात, ते वेगळे.

रक्त द्यायला जाण्याआधी बायोटिन किमान 2 दिवस बंद असलं पाहिजे. आज शुक्रवारपासूनच बंद करा आणि सोमवारी सकाळी जा. रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना ‘3 महिने 10 मिलिग्रॅम घेत होते’ हे स्वतःहून सांगा, ते विचारणार नाहीत. त्या दिवशीच्या पोळ्या दोघी जणी करतील.